चांदाच्या तारखेत दोन मिळव

मंगळवार, २३ डिसेंबर

आधी चूक दुरुस्त करते. रविवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की पहिल्या आव्हानात अवचितगडाच्या कातळाखाली दोर आला तेव्हा माझ्या जोडीतल्या मनस्वीनं तो माझ्या हातातून घेतला आणि माझ्याआधी वर गेली. ते खरं नाही. दोर माझ्याच हातात होता. मी वर बघितलं आणि मीच मागे सरकले. तेव्हा मनस्वीनं विचारलं, "मी जाऊ का गो आधी? मंग तुला पाय कुठं टाकायचा ते दिसंल." मी मान हलवली. मान हलवल्याचंही मी लिहिलं नव्हतं.

आमना फुफीचा, म्हणजे माझ्या आत्याचा, नियम आहे : मागचं चुकीचं दिसलं की पुढचं लिहायच्या आधी ते सुधारायचं. लहानपणी मला दम्याचा त्रास होता म्हणून सहावीपर्यंत शाळेत पाठवलंच नाही. वाचणं, लिहिणं, पाढे, कुराण, नकाशे, सगळं फुफीनंच अष्टमी गावातल्या घरात माडीवर बसवून शिकवलं. वर्गात मी एकटीच. पहिला नंबर माझा, शेवटचाही माझाच. आता विशीत पोचले, दमा कधीच गेला, पण कुणाशी तुलना झाली की काय करायचं हे फुफीनं शिकवलं नाही. तिला तरी कुठून माहीत असणार?

दुरुस्ती केली. पण आधी चढल्याचे जास्तीचे गुण मनस्वीला मिळाले ते मिळालेच. दुरुस्तीनं ते कमी होत नाहीत.

रविवार, २८ डिसेंबर

आमच्या साहस-क्लबच्या हिवाळी मालिकेतलं दुसरं आव्हान आज झालं, कोलाडला, कुंडलिका नदीत कयाक. सकाळी धरणातून पाणी सोडतात, त्यावर सगळा खेळ. एवढं गार पाणी की बोटं वल्ह्याला चिकटल्यासारखी झाली.

दुसऱ्या वळणावर माझी कयाक उलटली. मी जाकिटाच्या जोरावर वर आले, खोकले. मनस्वी बरीच पुढे गेली होती. ती प्रवाहाविरुद्ध मागे आली, माझी कयाक एका हातानं धरून ठेवली आणि ओरडली, "श्वास घे आधी! कयाक कुठं नाय जात!" काठावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. मी नाकातलं पाणी शिंकरत होते, तेव्हा टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या हे उघड आहे.

तरी आमची जोडी एकूण गुणांत पहिली आहे. अवचितगडावर मिळवलेली आघाडी पुरली. ती कुणी मिळवली ते वर लिहिलंच आहे.

शेवटी नितेश सरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, की पहिल्या येणाऱ्या जोडीतल्या एका मुलीला मार्चमध्ये क्लब हिमाचलात पाठवणार, बर्फावर चढायच्या कोर्सला. एकीला. जागा एकच आहे.

"आणि जोडीतली कोण, ते कसं ठरवणार सर?" कुणीतरी विचारलं.

"तिसऱ्या आव्हानात जोडी मोडणार. खाडीत जी ती एकटी."

मनस्वीनं माझ्या खांद्यावर ओलं डोकं टेकवलं आणि म्हणाली, "बर्फ! खरा! फ्रीजमधला नाय!" मला तिचं डोकं जड लागलं.

मला कधी कुणी निवडलेलं नाही. मी कधी रांगेतच नव्हते. ही जागा मला हवी आहे. एवढं स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे पुढे दुसरंच काही कारण होतं असं लिहायची पाळी येणार नाही.

बुधवार, ३१ डिसेंबर

आज दिवसभर मनस्वीचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. हे लिहिलं म्हणजे झालाच.

रविवार, ४ जानेवारी

मनस्वीच्या घरी पोपटीचं जेवण होतं. वडखळहून आत, खाडीच्या कडेला तिचं गाव. ती पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. तिथं तिचा हात हलत नाही म्हणून सगळे तिचं नाव घेतात. कातळावरही हलत नाही. तिचे वडील जनूकाका नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातात. पूर्वी त्यांचं मिठागर होतं. बांध फुटून खारं पाणी आत आलं आणि ते तसंच राहिलं. आता तिथं बगळे उभे असतात.

मडक्यात वालाच्या शेंगा, वर भामरुडाचा पाला, मडकं पालथं घालून भोवती जाळ. वास इतका चांगला सुटला होता की मी थोडा वेळ सगळं विसरले. मग दिसलं की माझ्यासाठी मडकं वेगळं लावलं आहे. लहान, बाजूला.

"ते अरीबाचं," मनस्वी सगळ्यांना सांगत होती. "त्याला कोनी हात लावायचा नाय."

जनूकाका हसून म्हणाले, "काय गो पोरी, पाव्हनी हायस का टीममधली?"

मी हसले. मग खाली बघून शेंगा सोलत बसले. वेगळं मडकं म्हणजे काय ते मला कळतं.

सोमवार, ५ जानेवारी

कालची दुरुस्ती. मोठ्या मडक्यात कोंबडी होती, गावातच कापलेली, हलाल नव्हे. मला चालणार नाही म्हणून मनस्वीनं दुपारीच दुसरं मडकं आणून त्यात शेंगा, बटाटे आणि अंडी भरली होती. आज फोनवर तिच्याकडूनच कळलं, तेही सहज, "अंडी नीट शिजली होती ना गो?" असं विचारताना.

म्हणजे तिनं चांगलंच केलं. ती नेहमी चांगलंच करते. तिनं एकदा तरी वाईट वागावं म्हणजे मला जरा मोकळं होता येईल.

रविवार, ११ जानेवारी

आज खाडीत सराव. शेवटचं आव्हान, २५ तारखेच्या रविवारचं, असं आहे : काठावरून चिखलाचा पट्टा पायी तुडवायचा, मधला पाण्याचा ओहळ ओलांडायचा, पलीकडच्या काठीचा फडका घेऊन परत यायचं; कमी वेळात येईल ती पहिली. सर होडी घेऊन ओहळात उभे असतात, अंगात जाकीट असतं, तेव्हा जिवाला भीती नाही. पण वेळ चुकली तर ओहळ कमरेवर येतो, पाणी ओढतं आणि सर होडीत उचलून घेतात. होडीत बसली ती बाद. निघायची वेळ जिनं तिनं ठरवायची आणि आदल्या दिवशी, शनिवारी, सरांना द्यायची. भरती-ओहोटी मोबाईलवर बघायची नाही. घरच्यांकडून शिकलेलं चालेल.

सगळ्यांना वाटलं, खाडीकाठची म्हणून मनस्वी सांगेल. ती म्हणाली, "मना काय नाय येत. बाबांनी मिठागर सोडलं तवा मी बालवाडीत होते. मना खाडी म्हनजे फक्त चिंबोऱ्या."

मला येत होतं. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते आणि त्यांचा हिशोब फुफीनं मला पाढ्यांबरोबर शिकवला. चांदाची तारीख, म्हणजे चांद दिसल्यापासूनचा कितवा दिवस ते, घ्यायची, त्यात दोन मिळवायचे, त्याची पाऊणपट करायची. ती भरतीची वेळ. त्यात सहा मिळवले की ओहोटी. पंधरवडा संपला की तारीख पुन्हा एकपासून. मी मनात केलं आणि म्हटलं, बाराच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली असेल.

होतं. चिखल गुडघ्यापर्यंत, ओहळ पोटरीपर्यंत. आम्ही दोघी हात धरून गेलो आणि आलो. मनस्वी काठावर नाचली. "हिच्या आजोबांनी केलं! गलबतावरच्या आजोबांनी!" तिनं इतका गाजावाजा केला की शेवटी सगळे तिच्याभोवतीच जमले. हिशोब माझा, गर्दी तिची.

निघताना ती सरांबरोबर बाजूला उभी राहून हळू बोलत होती. मी बूट धुवायच्या निमित्तानं जवळ गेले. सर म्हणत होते, "अगं, मी काय करू? जागा एकच आहे, तुला आधीही सांगितलं." ती म्हणाली, "पण सर, विचारून तर बघा ना." मी आल्यावर गप्प झाली.

म्हणजे ती आधीच सरांशी बोलते आहे. आधीही, म्हणजे एकदा नव्हे. मी कधी सरांकडे गेले नाही. मला वाटत होतं सगळं खाडीत ठरणार आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी

क्लबची मीटिंग संपल्यावर मनस्वी मला सोडायला पेण स्टेशनपर्यंत आली. बाकावर बसलो. तिनं कागदात चिकी आणली होती, संक्रांतीची उरलेली.

"मना तो हिशोब शिकव ना," ती म्हणाली. "आजोबांचा."

"तुला कशाला? तुझ्या बाबांना विचार की."

"बाबांना विचारलं तर त्यांना मिठागर आठवतं. मंग रात्रभर बोलत नायत. तू शिकव."

मी शिकवला. चांदाची तारीख, पाऊणपट, अधिक सहा. तिनं बोटांवर करून बघितलं, चुकली, पुन्हा केलं. गाडी आल्यामुळे दोन मिळवायचं सांगायचं राहून गेलं.

शनिवार, १७ जानेवारी

गाडी आल्यामुळे राहिलं असं काल लिहिलं. ते चूक आहे. गाडी तेव्हा आधीच्या हमरापूर स्टेशनातही पोचली नव्हती. मनस्वीनं विचारलं होतं, "बस? एवढंच?" आणि मी चिकीचा तुकडा तोंडात टाकला. तोंड भरलेलं होतं म्हणून मी बोलले नाही, असंही लिहिता येईल. पण तुकडा मी तिच्या प्रश्नानंतर टाकला.

मी खोटं काही बोललेले नाही. जे सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नाही. सकाळपासून हे वाक्य मनात फिरवते आहे आणि ते प्रत्येक वेळी बरोबरच येतं.

तिच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे. तिथी बघून केलं तरी उत्तर बरोबर येईल, कारण चांदाच्या तारखेत दोन मिळवले की तिथीच होते. ती आपोआप तिथी घेईल. तिच्या घरात सगळे तिथीच बघतात. त्यामुळे मी काही बिघडवलेलं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

नव्या महिन्याचा, शाबानचा चांद आज दिसेल असं होतं. फुफी मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाच्या आधीपासून गच्चीवर. रमजान आता महिन्यावर आला, म्हणून तिची लगबग. नारळाच्या झावळ्या मध्ये येत होत्या आणि आम्हाला काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात मनस्वीचा फोन. "दिसला! अरीबा, दिसला गो! बांधावर उभी हाय मी. एवढासा, नखावानी. उद्या तुमची एक तारीख ना? मंग रविवारी पाच. बरोबर ना?"

तिला चांदही माझ्याआधी दिसला.

"तुझ्याकडे कालनिर्णय आहे ना," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.

"ते तिथीचं. तू चांदाचं शिकवलंस. मी तुझ्याच रस्त्यानं जानार, मधेच गाडी बदलली की गोंधळ होतो माझा." मग ती हसली. "पाच, पाऊणपट, अधिक सहा. पावनेधा! मी लिहून ठेवलं हातावर. तुझं पन पावनेधाच ना? मंग दोघी संगतीच निघू."

माझं सव्वाअकरा. मी म्हटलं, "माझं अजून व्हायचंय."

तेवढ्यात फुफी ओरडली, "दिसला!" झावळ्यांच्या फटीत खरंच होता. फुफीनं दुआ मागितली आणि मग मला म्हणाली, "बघ, पहिला चांद म्हणतात, पण दिसतो तवा तो दोन दिसांचा झालेला असतो. आधीचे दोन दिस तो असतोच, आपल्याला दिसत नाय. आजोबा म्हणून दोन मिळवायला सांगायचे." तिला काहीच माहीत नाही. ती दर चांदाला हेच सांगते. तरी मी खाली आले आणि तोंड धुतलं.

मनस्वीनं तिथी घेतली असती तर सगळं ठीक होतं. माझ्या हिशोबावर इतकं चिकटून राहायला तिला कुणी सांगितलं?

बुधवार, २१ जानेवारी

कालची एक दुरुस्ती. मी लिहिलं, "माझं अजून व्हायचंय." मी तसं म्हणाले हे खरं. पण माझं झालेलं होतं, आणि ते मी त्याच्याच आधीच्या वाक्यात लिहिलंही आहे. म्हणजे खोटं बोलले. आतापर्यंत शनिवारचं ते वाक्य मला धरून होतं, की एकही शब्द खोटा नाही. आता तेही नाही.

दुपारी मनस्वीचा कारखान्यातून फोन आला. मागे रेडिओ, कुणीतरी सोनेरी रंगासाठी ओरडत होतं. उद्या माघी गणपती, त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही.

"अक्षय, तो ब्रश नको, बारका दे," ती कुणाला तरी म्हणाली. मग मला, "ऐक गो, माझ्या हातून एक झालं. रातच्याला बाबांनी हातावर पावनेधा लिहिलेलं बघितलं. बोलले, येडी हायस काय, रविवारी अकराच्या आत पाय टाकलास तर पानी कमरेला लागंल, ओढून नेईल. मी बोलले, हा अरीबाच्या आजोबांचा हिशोब हाय, गलबतावरचा, चुकायचा नाय. ते बोलले, आमची हयात गेली खाडीत. तर मी बोलले..."

ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज आला.

"काय बोललीस?"

"बोलले, मंग तुमचं मिठागर कसं बुडलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जेवले नायत गो ते. सकाळी डबा पन इथंच ठेवून शिफ्टला गेले. मी असं बोलायला नको होतं ना?"

"नको होतं," मी म्हटलं.

"पन हिशोब तर बरोबर हाय ना? तेवढं सांग. म्हनजे रविवारी मी कोरड्या पायानं आली की त्यांची माफी मागीन, पन तुझं नाव राहील."

तिनं सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, "तुझे डोळे वाळतील, कामाला लाग." ती हसली. "माझे नाय, गणपतीचे," म्हणाली. ठेवता ठेवता सांगितलं, "आनि सरांना मी पुन्हा विचारलं. दोन जागा नायच होत म्हनतात. म्हटलं, निम्मा कोर्स तिला, निम्मा मना, असं चालंल का? ते हसले. मी खरंच विचारत होते."

फुफीनं दिवा लावल्यावर वही उघडली.

अकरा तारखेच्या नोंदीत मी लिहिलं आहे की ती माझ्या मागे सरांकडे स्वतःसाठी बोलते. तेही दुरुस्त करायला हवं. पण दुरुस्ती लिहायला घेतली आणि हात थांबला. कारण ही दुरुस्ती झाली की तिच्याविरुद्ध या वहीत काहीच शिल्लक राहत नाही. दोर, मडकं, सर, सगळं खोडलं गेलं. उरतं ते एवढंच, की ती माझ्यापेक्षा चांगली चढते आणि लोकांना आवडते. आणि माझ्यावर विश्वास ठेवण्यातही तीच पुढे. माझा स्वतःवर एवढा नाही. याचाही मला हेवा वाटतो. हे लिहितानासुद्धा वाटतो आहे.

मी आत्ता फोन करू शकते. मेसेज तर एका ओळीचा आहे. दोनदा लिहिला आणि पुसला. पहिल्यात "सांगायचं राहून गेलं" असं होतं. दुसऱ्यात "फुफीनं आज आठवण केली" असं. दोन्ही वेळा हात आपोआप सबबीकडेच गेला. फोनवर मी पुन्हा अर्धंच सांगीन, आणि ती म्हणेल "जाऊ दे गो", आणि जनूकाकांना कुणी काहीच सांगणार नाही. त्यांना मला समोर जाऊन सांगावं लागेल की तुमचं बरोबर होतं, आणि मनस्वीनं तुम्हाला जे बोलून दाखवलं ते माझ्यामुळे. ते काय म्हणतील माहीत नाही. मनस्वी काय म्हणेल त्याचा विचार मी करत नाही. केला तर जाणार नाही.

तिला बरोबर वेळ कळली की रविवारी ती माझ्या पुढे जाईल. चिखलात ती माझ्यापेक्षा जलद चालते, हे सरावात दिसलं आहे. जागा मला अजून हवी आहे. सांगून आल्यावरही हवी असेल. मी मोठ्या मनानं चालले आहे असं कुणी समजू नये, मी स्वतःही समजू नये.

उद्या गुरुवारी ती कारखान्यातून उठणार नाही, मूर्ती नेणाऱ्यांची रीघ असेल. घरीही गणपती, पाहुणे; त्यांच्यासमोर हे काढणं म्हणजे जनूकाकांना पुन्हा खाली बघायला लावणं. परवा ती घरी असेल. जनूकाकांची दुसरी शिफ्ट, तेही सकाळी असतील. सरांना वेळ द्यायला अजून एक दिवस उरतो, तेवढा तिला पुरेल. सकाळच्या गाडीनं कासू स्टेशनच्या पुढे, पेणला उतरून वडखळची रिक्षा.

शुक्रवार, २३ जानेवारी. चांदाची तीन, तिथीची पाच. मधले दोन सांगायला निघाले.